टॉवेलवाल्यांची सही

मी जुळे सोलापुरात राहतो. बाहेरगावच्या माणसाला पत्ता सांगितला की तो हमखास विचारतो, "मग दुसरं जुळं कुठं असतं?" मी विजापूर रस्त्याने उत्तरेकडे बोट दाखवतो. ते थोरलं. सिद्धेश्वराचं तळं, भुईकोट किल्ला, बंद पडलेल्या गिरण्या आणि आमचे बहुतेक नातेवाईक त्याच्या वाट्याला गेले. आमच्या वाट्याला सरळ रस्ते, एकसारखे बंगले आणि गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या.

या बंगल्यात एक माळा आहे. दिवाळीच्या आधी माळा आवरायचा हा आमच्या घरचा नियम. आणि त्यासाठी मी वर चढायचं हा पोटनियम. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला शिडीवरून पडण्याची भीती नसते अशी आमच्या हिची समजूत आहे. यंदा मात्र पुण्याहून नातू आला होता. तो बारा वर्षांचा. त्यामुळे मी शिडी धरायची आणि त्याने चढायचं अशी बढती मला मिळाली.

वरून आधी पितळी स्टोव्ह आला. मग तीन छत्र्यांचे सांगाडे. मग जुन्या चादरीत गुंडाळलेलं एक गाठोडं. ते सोडल्यावर आतून काळा डबा, दोन दांडके आणि पिवळ्या रंगाची एक कॅसेट निघाली. कॅसेटवर लिहिलं होतं, '९९९९ इन १'.

"आजोबा! टीव्ही गेम!" नातू ओरडला. पंढरपुरात विठोबा दिसल्यावरही तो इतक्या मोठ्याने ओरडला नव्हता.

हा डबा मी १९९४ साली चिरंजीवांसाठी गड्ड्याच्या जत्रेत घेतला होता. नऊ हजार नऊशे नव्याण्णव खेळ! किंमत भागिले खेळ हा हिशेब मी जागेवरच केला आणि एक खेळ काही पैशांना पडतो हे पाहून घासाघीस न करता पैसे मोजले. घरी आल्यावर कळलं की खरे खेळ वीस-पंचवीसच. बाकीचे तेच, नावं बदलून पुन्हा पुन्हा. लग्नपत्रिकेत एकच काका निमंत्रक, व्यवस्थापक आणि आपले विनीत अशा तिन्ही ठिकाणी असतो, तसे.

आमच्या मागच्या खोलीत एक जुना डबा टीव्ही आहे. "चालतोय ना, मग कशाला टाकायचा?" या तत्त्वावर हिने तो ठेवलेला. तत्त्वाचा विजय झाला. दोन वायरी खुपसताच पडद्यावर मिशीवाला मारिओ धावू लागला.

"आजोबा, तो ढग बघा. आता ते झुडूप बघा."

"बघितलं."

"दोन्ही एकच आहेत. नुसता रंग बदललाय."

मी चष्मा लावून पाहिलं. खरंच की! पांढरा केला की ढग, हिरवा केला की झुडूप. १९८५ सालचा हा जपानी खेळ सगळा मिळून चाळीस किलोबाइटांत बसवलेला आहे. रोज सकाळी आपले मित्र गुलाबाच्या फुलासकट जे सुप्रभात पाठवतात, ते एकटं चित्रच बहुधा याहून मोठं भरेल. जागा नव्हती, म्हणून करणाऱ्यांनी एकाच चित्राला दोन नोकऱ्या दिल्या. नातू हे मोठ्या शोधाच्या थाटात सांगत होता. पण मी सोलापूरचा. आमच्या चादरीला वाया जाणारी बाजूच नसते. एका बाजूला लाल जमिनीवर पिवळा मोर, उलटली की पिवळ्या जमिनीवर लाल मोर. एका चादरीच्या पैशात दोन चादरी. मारिओवाल्यांना हे सोलापूरच्या कुठल्याही सासूने सांगितलं असतं.

पण माझं कुतूहल चाळवलं हे खरं. खेळात अशा लपवलेल्या गोष्टी आणखी असतात का, असं मी विचारलं. आणि त्यानंतर चार दिवस नातू बोलत होता व मी ऐकत होतो. पुढे मी स्वतःही वाचून पाहिलं. बँकेची सवय, दुसऱ्याने केलेली बेरीज मी पुन्हा करून बघतो.

त्या कॅसेटमध्ये काँट्रा नावाचा बंदुकांचा खेळ होता. त्यात माणसाला तीन जीव मिळतात. चिरंजीव लहानपणी खेळ सुरू व्हायच्या आधी डोळे बारीक करून काहीतरी पुटपुटायचे. पोरगं रामरक्षा म्हणतंय असं हिला वाटायचं. प्रत्यक्षात ते म्हणत असायचं, "वर वर, खाली खाली, डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे, बी, ए." या क्रमाने बटणं दाबली की तिनाचे तीस जीव होतात. हा मंत्र काझुहिसा हाशिमोतो या जपानी गृहस्थांचा. १९८६ साली कोनामी कंपनीत ते ग्रेडियस नावाचा खेळ घरगुती यंत्रावर आणत होते. खेळ तपासायचा तर शेवटपर्यंत जायला हवं, आणि तो इतका अवघड की त्यांना स्वतःलाच जमेना. परीक्षकाला आपलीच प्रश्नपत्रिका सुटू नये, तशातली गत. म्हणून त्यांनी स्वतःपुरती एक चोरवाट केली आणि ती तशीच खेळात राहून गेली. पुढे १९८८ च्या काँट्रातही तीच वापरली. हाशिमोतो २०२० साली वारले, तेव्हा त्यांच्या या एका ओळीच्या मंत्रासाठी जगभरची पोक्त माणसं हळहळली.

काही गोष्टी लपवलेल्या असतात, तशा काही कापलेल्याही असतात. जपानमधल्या काँट्रात दोन टप्प्यांच्या मध्ये नकाशा दिसायचा, छोटे छोटे प्रवेश असायचे, जंगलातली पानं वाऱ्याने हलायची, बर्फाळ प्रदेशात बर्फ पडायचा. त्यासाठी कोनामीने कॅसेटमध्ये स्वतःची खास चिप घातली होती. अमेरिकेत विकायच्या कॅसेटींत ती चालणार नव्हती. मग नकाशा गेला, प्रवेश गेले, पानं हलायची थांबली आणि बर्फ पडायचा थांबला. अमेरिकेतल्या मुलांनी झाडं स्थिर पाहिली आणि झाडं अशीच असतात असं धरून चालली.

यात हसण्यासारखं काही नाही. आपण तेच केलेलं आहे. लहानपणी आम्ही सापशिडी खेळायचो. अठ्ठ्याण्णववर साप, की घसरला थेट खाली. साप तिथेच का, हे कोणी विचारलं नाही. जुन्या सापशिडीच्या, म्हणजे मोक्षपटाच्या, घरांत नुसते आकडे नव्हते. तिथे सद्गुणांची आणि दुर्गुणांची नावं होती. शिडी सद्गुणावरून वर जायची, साप दुर्गुणावरून खाली न्यायचा आणि शेवटी मोक्ष. आपल्याकडे परंपरेने या खेळाचं कर्तेपण ज्ञानेश्वरांना देतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी खेळ इंग्लंडला गेला. तिथे आधी त्यांच्या पद्धतीची नीती आली, पुढे तीही गेली आणि साप, शिड्या, आकडे तेवढे उरले. मोक्ष कापला गेला, आणि आम्ही शंभरावर पोचून लिमलेटची गोळी मागू लागलो.

तर पाचव्या दिवशी नातू म्हणाला, "आजोबा, आता सगळ्यात भारी गोष्ट. ईस्टर एग."

"या घरात अंडं यायचं नाही!" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"आजी, खायचं नाही, शोधायचं!"

"शोधायचंसुद्धा नाही!"

मग दार लोटून घेऊन तो हळू आवाजात सांगू लागला. अमेरिकेत अटारी नावाची कंपनी होती. खेळ करणाऱ्याचं नाव ती कुठेही छापत नसे. खोक्यावर नाही, पडद्यावर नाही. तिथे वॉरन रॉबिनेट नावाचा तरुण नोकरीला होता. पगार वर्षाला २२,००० डॉलर. त्याने एकट्याने 'ॲडव्हेंचर' हा खेळ लिहिला. त्यात किल्ले, तलवार, बदकासारखे दिसणारे ड्रॅगन. कॅसेट पंचवीस डॉलरला, खप दहा लाखांच्या घरात. नाव कंपनीचं.

रॉबिनेटने भांडण केलं नाही. काळ्या किल्ल्यातल्या चक्रव्यूहात त्याने एक ठिपका ठेवला. राखाडी जमिनीवर राखाडी ठिपका, म्हणजे असून नसल्यासारखा. तो उचलून एका ठरावीक खोलीत नेला की बंद भिंतीतून पलीकडे जाता येतं. आणि पलीकडच्या खोलीत उभ्या ओळीत, रंग बदलत, झगमगत लिहिलेलं असतं की हा खेळ वॉरन रॉबिनेटने केला. सगळा खेळ चार किलोबाइटांचा, त्यातली सुमारे पाच टक्के जागा या सहीला दिली होती. कंपनीत त्याने कोणालाही सांगितलं नाही आणि १९७९ साली नोकरी सोडून निघून गेला. खेळ बाजारात आल्यावर सॉल्ट लेक सिटीच्या पंधरा वर्षांच्या एका मुलाला ती खोली सापडली आणि त्याने कंपनीला पत्र लिहिलं. तोवर कॅसेटी घरोघर गेल्या होत्या. नव्याने चिप पाडायची तर हजारो डॉलरचा खर्च. तेव्हा स्टीव्ह राइट नावाच्या अधिकाऱ्याने शहाणपणाने सुचवलं की राहू द्या. ईस्टरला बागेत लपवलेली अंडी मुलं शोधतात, तशी गंमत समजा. तेव्हापासून ते नाव पडलं. याहून जुन्या लपवलेल्या सह्या नंतर सापडल्या आहेत. पण गाजली ती हीच.

इथपर्यंत मी मजेत ऐकत होतो. माझं डोकं फिरलं ते पुढच्या गोष्टीने, आणि ती मला वाचताना सापडली. त्याच १९७९ साली अटारीचे चार उत्तम खेळकर्ते साहेबांकडे गेले. कंपनीच्या कॅसेटविक्रीत निम्म्याहून अधिक वाटा या चौघांच्या खेळांचा. त्यांचं मागणं असं की आमची नावं छापा आणि नफ्यातला थोडा वाटा द्या. साहेबांचं नाव रे कसार. अटारीत येण्यापूर्वी ते बर्लिंग्टन इंडस्ट्रीज या कापडाच्या मोठ्या कंपनीत होते. त्या चौघांपैकी एकाने पुढे सांगितलं आहे की साहेब म्हणाले, तुमच्यासारखे पुष्कळ पाहिलेत मी. तुम्ही म्हणजे टॉवेलची डिझाइनं करणारे! चौघं बाहेर पडले. त्यांनी ॲक्टिव्हिजन नावाची कंपनी काढली आणि खोक्यावर खेळकर्त्याचं नाव छापायला सुरुवात केली. आता तर खेळ संपल्यावर नावांची भली मोठी यादी सरकत जाते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या मंडळींनी २०२० साली 'राजी' नावाचा खेळ काढला, त्यातली नावं मी नातवाला हलू न देता शेवटपर्यंत वाचली. त्याला वाटलं आजोबांना त्यात कोणी ओळखीचं सापडलंय.

सगळी दुनिया ही गोष्ट सांगताना त्या चौघांच्या अपमानाबद्दल हळहळते. मी विचारतो, टॉवेलवाल्यांच्या अपमानाचं काय? चादर आणि टॉवेल या दोन्हींना सोलापूरच्या नावाने भौगोलिक मानांकन आहे. या गावात टॉवेलची डिझाइनं करणारा म्हणजे शिवी नव्हे. आणि माझे वडील टॉवेलची डिझाइनं करणारेच होते.

ते पूर्व भागातल्या एका कारखान्यात होते. टॉवेल आणि चादरी, दोन्हींची डिझाइनं काढायचे. बारीक चौकटींच्या कागदावर मोर, कोयऱ्या, वेली रंगवायच्या. मग त्याप्रमाणे पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची. मागावरच्या जकार्डात हे पत्ते माळेसारखे ओवलेले असतात. आडव्या धाग्याच्या प्रत्येक ओळीला एक पत्ता. भोक असेल तिथला उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. फ्रान्समधल्या जकार्ड नावाच्या माणसाने १८०४ च्या सुमारास ही युक्ती काढली. आणि पुढे इंग्लंडात बॅबेजने आपल्या हिशेबी यंत्राला हुकूम देण्यासाठी असलेच पत्ते योजले. म्हणजे वडील एक प्रकारचे प्रोग्रॅमर होते. हे त्यांना कोणी सांगितलं नाही, आणि पगारावरून तर मुळीच कळलं नसतं.

चादरीच्या कोपऱ्यावर कारखान्याचा शिक्का असे. वडिलांचं नाव कुठेच नसे, आणि असावं असं आम्हाला कधी वाटलंही नाही. फक्त एकदा, मी दहा वर्षांचा असताना, कुर्डुवाडी स्टेशनावर बाकावर एक माणूस चादर पांघरून झोपला होता. वडील थांबले, जरा वाकून पाहिलं आणि म्हणाले, "हा आपला मोर."

"कशावरून?"

"पिसं मोज."

तेवढ्यात गाडी आली. सोलापुरात उतरेपर्यंत मी विसरून गेलो. वडील १९८१ साली गेले. मी त्यांना पुन्हा विचारलं नाही. चाळीस वर्षं बँकेत दुसऱ्यांचे आकडे मोजले, आणि हे मोजायचं राहिलं.

रॉबिनेटचा ठिपका वाचला त्या रात्री मला कुर्डुवाडीचं बाक आठवलं आणि मी उठून बसलो. दुसऱ्या दिवसापासून जो सपाटा सुरू केला, त्याने थोरल्या जुळ्यातल्या नातेवाइकांत माझ्या प्रकृतीबद्दल चिंता पसरली. कोणाकडेही गेलो की मी चहाच्या आधी चादरी मागायचो. एका मेहुण्याकडे तर पाहुणा झोपला असतानाच मी त्याच्या पायाकडून चादर उचलून पाहिली. तो घाबरून म्हणाला, "काय बे, काय पाहिजे?" मी म्हटलं, "मोर." त्यानंतर मेहुण्याने हिला फोन केला म्हणे.

एकही वडिलांचा निघाला नाही. सगळ्या चादरी अलीकडच्या.

"अहो, आपल्याकडं होती की एक," ही म्हणाली. "सासूबाईंची. लाल. तुम्हीच लाँड्रीत हरवलीत."

मी गप्प बसलो. कारण ती चादर मी लाँड्रीत हरवली नव्हती. १९८४ साली एका लग्नाला जायच्या घाईत मी तिच्यावर पँट इस्त्री करत होतो. वीज गेली, म्हणून मी बटण बंद न करता अंगणात गप्पा मारायला गेलो. वीज आली, मी आलो नाही. परतलो तेव्हा इस्त्रीच्या आकाराचं, टोकदार, चादरीच्या आरपार भोक पडलं होतं. नेमकं मोराच्या पिसाऱ्यावर. घरात ती वडिलांची शेवटची चादर होती. आईने विचारलं तेव्हा मी लाँड्रीचं नाव सांगितलं आणि चादर माळ्यावर टाकली. पुढे टीव्ही गेम गुंडाळायला तीच वापरली. आईला शेवटपर्यंत ती लाँड्रीतच वाटत होती, आणि त्या गरीब लाँड्रीवाल्याशी ती कधी नीट बोलली नाही.

मी मागच्या खोलीत गेलो. गाठोडं सोडलेली चादर अजून टीव्हीखालीच पडलेली. झटकली, पसरली. भोक होतं तसं होतं, कडा काळ्या. मोराचा पिसारा अर्धा गायब. रॉबिनेटची खोली कंपनीलासुद्धा पुसता आली नव्हती. इथे मी एका इस्त्रीत काम उरकलं होतं. हे सगळं मी नातवाला सांगून टाकलं. लाँड्रीसकट. बारा वर्षांच्या माणसाला कबुलीजबाब देणं सोपं असतं. तो आधी हसतो.

हसून झाल्यावर तो म्हणाला, "पण आजोबा, पत्ते तेच ना?"

"म्हणजे?"

"सगळे मोर त्याच पत्त्यांवरून विणलेत ना? मग गंमत एकाच मोरात कशी असेल? कोड एकच असेल तर सगळ्या मोरांत असणार!"

मी जकार्डच्या गावात जन्मलो, जकार्डवाल्याच्या पोटी जन्मलो, आणि हे मला पुण्याच्या पोराने सांगावं! चादरीवर आडवे-उभे मिळून पुष्कळ मोर होते, आणि मी जाळला होता एक. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसलो. शेजारच्या मोराचा पिसारा मोजला. डावीकडे सात पिसं, उजवीकडे आठ. त्याच्या शेजारचा मोजला. सात, आठ. खालच्या ओळीतला. सात, आठ. चादर उलटली, तिथे पिवळ्या जमिनीवर लाल मोर, डावीकडे आठ, उजवीकडे सात.

ही दारात येऊन उभी राहिली होती. "मग चुकलं असेल त्यांचं," ती म्हणाली. "दिव्याखाली बसून भोकं पाडायची म्हणजे एखादं जास्त पडायचंच."

एखादं भोक चुकून पडतं, हे मलाही मान्य आहे. पण एक पीस म्हणजे एक भोक नव्हे. एक पीस विणायला ओळीने कितीतरी पत्ते लागतात, आणि प्रत्येक पत्त्यावर नेमक्या जागी भोकं. ते आधी कागदावर चौकटी रंगवून काढावं लागतं. आठवं पीस चुकून उगवत नाही. कारखान्यात कोणाच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे. मोर विकले जात होते, तोवर पिसं कोण मोजणार?

"अन् हे भोक कसलं?" हिने चादर जवळ घेत विचारलं.

नातू माझ्याकडे पाहू लागला. मी छताकडे पाहू लागलो. शेवटी सांगितलं. चाळीसएक वर्षांनी तो लाँड्रीवाला निर्दोष सुटला. ही काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने भोकाला मागून लाल कापडाचा तुकडा लावला आणि चादर उन्हात टाकली.

आता ती माळ्यावर जात नाही. रात्री मुक्कामाला कोणी आलं तर मी मुद्दाम तीच देतो. पाहुणा अंगावर घेतो आणि म्हणतो, "वा, अस्सल सोलापुरी! कुठल्या कारखान्याची?"

मी म्हणतो, "पिसं मोजा."

आणि त्याने पुढे काही विचारायच्या आत दिवा बंद करतो.